'ड' तुकडीचे इंग्रजी

माध्यमिक शाळेला इंग्रजी विभाग असतो असे म्हटले, की महाविद्यालयातले आमचे प्राध्यापक मित्र हसतात. विभाग म्हटला म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे पाटी लावलेली खोली येते, विभागप्रमुख येतो, परिसंवाद येतात. शाळेत यातले काहीच नसते. शिक्षकांच्या खोलीत भिंतीला टेकून एक लोखंडी कपाट असते. त्याची किल्ली विषयप्रमुखाकडे असते. कपाटात रेन आणि मार्टिनचे व्याकरण, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, शेक्सपिअरच्या नाटकांच्या संक्षिप्त गोष्टी आणि मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका असतात. आणि तीन-चार शिक्षक असतात. तरीही तो विभाग असतो. तालुक्याच्या गावात दलित मुलाचे पुढे काय होणार हे जिथे ठरते, त्या ठिकाणांत या कपाटाचा क्रमांक माझ्या मते पोलीस ठाणे आणि तहसील कचेरीच्या फार खाली नाही.

दलित साहित्याच्या चळवळीने विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांची झाडाझडती घेतली, मराठीच्या पाठ्यपुस्तकांतले संस्कार उघडे पाडले. ते आवश्यकच होते. परंतु इंग्रजीच्या तासाकडे आपण फारसे पाहिले नाही. ती परकी भाषा, तिथे जात कुठून येणार, असा आपला समज असावा. मराठवाड्यातील एका शाळेत मी १९८३ ते २०१५ अशी ३२ वर्षे या कपाटाशेजारी काढली. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एका संस्थेविरुद्धची तक्रार म्हणून हा लेख वाचला जावा, अशी माझी इच्छा नाही.

इंग्रजी घेऊन एम. ए., पुढे बी. एड. करून मी राखीव जागेवर रुजू झालो. त्या वेळी विभागात माझ्याइतकी पदवी असलेला दुसरा कोणी नव्हता. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी वेळापत्रक पुढे केले आणि अतिशय सौम्यपणे म्हणाले, "तुम्ही 'ड' सांभाळा. तिकडची पोरं तुमचं ऐकतील." या वाक्यात अपमानाचा एकही शब्द नव्हता. 'अ' तुकडी विषयप्रमुखांकडे, 'ब' त्यांच्या खालच्याकडे, 'क' चित्रकलेच्या शिक्षकांकडे. होय, चित्रकलेच्याच, त्यांचे तास कमी भरत होते म्हणून. आणि 'ड' माझ्याकडे. 'अ'मध्ये बाजारपेठेतली, डॉक्टर-वकिलांची, शिक्षकांची आणि बागाईतदारांची मुले. 'ड'मध्ये बौद्धवाडा, मातंगवस्ती, पारध्यांची दोन-तीन घरे, कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले. ही शेवटची मुले दिवाळीनंतर बाकांवरून नाहीशी होत आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर परत येत, तेव्हा परीक्षा तोंडावर असे. तुकड्या जातीवर पाडल्या आहेत असे कोणीही म्हणत नसे. त्या गुणांवर पाडल्या होत्या. गुण कशावर पडतात, हा प्रश्न विचारण्याची पद्धत नव्हती.

आता 'ड' तुकडीला आम्ही कोणते इंग्रजी शिकवत होतो ते सांगतो. 'आम्ही' म्हणतो, कारण त्यात मीही होतो. शालान्त परीक्षेत १०० पैकी ३५ गुण हवे असतात. शाळेचा निकाल इंग्रजी आणि गणितावर अडतो, म्हणून या दोन विषयांचे शिक्षक एकाच वेळी सर्वांत प्रतिष्ठित आणि सर्वांत भेदरलेले असतात. या भीतीतून एक विद्याच तयार झाली आहे. उताऱ्यावरचा प्रश्न वाचायचा नाही. प्रश्नातला मोठा शब्द पाहायचा, तोच शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ज्या वाक्यात तो सापडेल ते वाक्य पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत उतरवून काढायचे. गाळलेल्या जागेत 'द' भरायचे, दोनपैकी एक बरोबर येतेच. निबंध दोन पाठ करायचे, गायीचा आणि आवडत्या नेत्याचा. विषय कोणताही आला तरी त्याला यांतल्या एकाकडे वळवायचे. पत्राचा सांगाडा पाठ करायचा, सांगाड्यालाही गुण असतात. मी ही विद्या इतकी चांगली शिकवली, की १९८९ च्या सुमारास 'ड' तुकडीचा इंग्रजीचा निकाल 'क'च्या पुढे गेला आणि संस्थेच्या सभेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ती शाल अजून घरात आहे.

त्यातला एक मुलगा दोन वर्षांनी बसस्थानकावर भेटला. अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला होता आणि दिवाळीआधीच सोडला होता. मी कारण विचारले. तो म्हणाला, "सर, पुस्तक उघडलं की काहीच कळत नव्हतं. पण मी तर इंग्रजीत पास होतो ना?" त्याला इंग्रजीत ५१ गुण होते. त्याने आयुष्यात इंग्रजीचे एकही वाक्य वाचलेले नव्हते. शोधले होते, उतरवले होते, वाचलेले नव्हते. आणि हे त्याला माझ्याखेरीज दुसऱ्या कोणी शिकवलेले नव्हते.

'अ' तुकडीत हे होत नव्हते असे नाही, पण तिथे घरी वर्तमानपत्र होते, काका पुण्यात होते, संध्याकाळी विषयप्रमुखांची शिकवणी होती. जे शाळेत शिकवले जात नव्हते ते शाळेबाहेर मिळत होते, आणि मिळत होते शाळेतल्याच माणसाकडून. 'ड'ला शाळेबाहेर काही नव्हते. म्हणजे एकाच विभागातून दोन इंग्रज्या निघत होत्या. एक वाचण्याची, एक उतरवण्याची. प्रमाणपत्रावर मात्र दोन्हींचे नाव एकच.

असे म्हणतात, की इंग्रजी कोणाचीच मातृभाषा नाही, म्हणून निदान इंग्रजीच्या तासाला ब्राह्मणाचा मुलगा आणि महाराचा मुलगा एकाच रेघेवर उभे असतात. मलाही तरुणपणी हे पटत असे. पण आमच्या शाळांत इंग्रजी शिकवले जाते ते प्रमाण मराठीच्या दारातून. वर्गात वाक्य येते: 'मी मामाच्या गावी गेलो होतो', याचे इंग्रजी करा. 'ड' तुकडीतला मुलगा उभा राहतो आणि आधी स्वतःशी वाक्य जुळवतो, "मी मामाच्या गावाला गेल्तो." शिक्षक थांबवतात. "गेल्तो काय, गेल्तो? गेलो होतो म्हण." वर्ग हसतो. इंग्रजी अजून सुरूही झालेले नसते आणि मुलगा खाली बसलेला असतो. आता 'गेल्तो' हे रूप पाहा. 'गेलो' आणि 'होतो' या दोन्ही क्रिया त्यात जिरलेल्या आहेत. इंग्रजीच्या ज्या पूर्ण भूतकाळासाठी आम्ही तीन-तीन आठवडे फळा खडूने भरतो, तो मुलाच्या जिभेवर तयार आहे. शिक्षकाने फक्त एवढेच म्हणायचे होते, की तुझ्या 'गेल्तो'तला जो 'तो' आहे, तोच इंग्रजीत 'हॅड' होऊन पुढे येतो. तसे म्हणायला बोलीला भाषा मानावे लागते. ते आमच्या विभागाला जमले नाही. मलाही ते नोकरीच्या अकराव्या वर्षी सुचले, आणि त्याआधीची दहा वर्षे मी स्वतः 'गेल्तो काय?' असे विचारून वर्गाला हसवत होतो. माझ्या आईच्या तोंडी तोच शब्द होता.

प्रयोगाचा धडा शिकवतानाही मला असेच व्हायचे. कर्मणी प्रयोगात 'बाय' लावून येणारा कर्ता गाळला तरी चालतो, असे पुस्तक सांगते. कर्ता माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल तर. एका मुलाने विचारले, "सर, माहीत असला तर?" ज्या गावात वस्ती 'जाळली जाते', विहीर 'बंद केली जाते', तिथल्या मुलाला हा प्रश्न पडणारच. मी म्हणालो, परीक्षेत लिही.

वास्तविक इंग्रजी ही आमच्या घरातली जुनी गोष्ट आहे. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता आहे. जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'ला इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे आपले निवेदन इंग्रजीतून मांडले. रयतेच्या कष्टाचा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा आरोप त्यांनी राज्यकर्त्यांच्याच भाषेत राज्यकर्त्यांना ऐकवला. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. इंग्रजीच्या दारात मात्र धर्मशास्त्राचा पहारेकरी नव्हता. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९३६ मध्ये 'जातिसंस्थेचे उच्चाटन' हा प्रबंध त्यांनी लिहिला तो इंग्रजीतच. हे सर्व आपण जयंतीच्या भाषणांत सांगतो. शाळेच्या कपाटापर्यंत ते पोचत नाही. त्या कपाटातली इंग्रजी लॅम्बची आणि रेन-मार्टिनची आहे. सावित्रीबाईंची, जोतीरावांची, बाबासाहेबांची नाही.

जिथे शास्त्राचा पहारेकरी नव्हता तिथे पुढे धोरणाचा आला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवण्याचे धोरण होते. मातृभाषेच्या अभिमानाचे ते धोरण होते, आणि त्याची किंमत कोणी मोजली हे सांगायला नको. ज्यांच्या घरी शिकवायला कोणी होते त्यांची मुले आठवीच्या आधीच शिकली. १९५४ मध्ये तर राज्य सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देऊ नये असा हुकूम काढला. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या चालक संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरवला. या निकालाने दार उघडले ते ज्यांना त्या शाळांची फी परवडत होती त्यांना. आमचे लोक तेव्हा आठवीपर्यंत पोचण्याच्या खटपटीत होते. पुढे महाराष्ट्रात इंग्रजी पाचवीपासून झाले, आणि २००० च्या जूनपासून पहिलीपासून. वर्षे वाढली, पण तुकड्या तशाच राहिल्या.

१९९३ मध्ये महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा १२ वा खंड माझ्या हाती आला. त्यात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने आधीच काढले होते; माझ्या पाहण्यात ते उशिरा आले. वाचताना मी शिक्षक म्हणून दचकलो. वाक्ये लहान, शब्द साधे, घटना सरळ क्रमाने. हे नववीच्या मुलाला वाचता येईल. 'अ' तुकडीच्या नव्हे, माझ्या.

१९९४ च्या पावसाळ्यात मी पहिल्या प्रसंगाच्या १८ झेरॉक्स प्रती काढल्या, तीन मुलांत एक. प्रसंग १९०१ च्या सुमाराचा. नऊ वर्षांचा भीम, भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाला आहे. आगगाडीने मसूरला उतरतात. न्यायला कोणी आलेले नाही. स्वच्छ कपड्यांतली पोरे पाहून स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करतो, आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाले दुप्पट भाडे कबूल केले तरी गाडीत बसवून न्यायला तयार नाहीत. शेवटी एक जण तयार होतो, या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. बरोबर भाकर आहे, पाणी नाही.

मी भाषांतर केले नाही. एक-एक वाक्य मोठ्याने वाचले आणि थांबलो. गाडीवाल्यांच्या नकाराच्या वाक्यात 'पोल्यूटेड' असा शब्द येतो. मुलांना 'पोल्यूशन' ठाऊक होते ते विज्ञानाच्या पुस्तकातून, प्रदूषण म्हणून. मी विचारले, इथे याचा अर्थ काय? थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगा, जो तोंडी परीक्षेत स्वतःचे नावसुद्धा इंग्रजीत सांगत नसे, म्हणाला, "विटाळ, सर." कोणत्याही शब्दकोशाशिवाय, कोणत्याही अपेक्षित प्रश्नसंचाशिवाय. तो वाचत होता. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत 'ड' तुकडीतल्या मुलाला इंग्रजी वाचताना मी पहिल्यांदा पाहिले.

हे का घडले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. संदर्भावरून अर्थ लावा, असे आम्ही मुलांना सांगतो. पण आमच्या पाठांतला संदर्भच त्यांचा नसतो. डॅफोडिलचे फूल, बर्फाचा माणूस, शनिवार-रविवारची सहल: शब्दही अनोळखी आणि जगही अनोळखी. मग अर्थ लावायचा कशावरून? इथे उलट होते. बाबासाहेबांनी हे लिहिले परदेशी वाचकांसाठी, ज्यांना अस्पृश्यता ऐकून माहीत आहे पण तिची झळ ठाऊक नाही. त्यांना इंग्रजी येत होती, अनुभव नव्हता. माझ्या मुलांना अनुभव होता, इंग्रजी नव्हती. एकाच मजकुराने दोघांनाही अर्धे-अर्धे दिले.

पुढचा भाग दुसऱ्या दिवशी वाचला. रात्र झाली आहे, गाडी टोलनाक्यावर थांबली आहे, पाण्यावाचून जेवता येत नाही. नाकेदार हिंदू आहे, पाणी देणार नाही. म्हणून मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागावे, असे ठरते. भीमाला उर्दू चांगली येते. तो अस्खलित उर्दूत पाणी मागतो. तरी पाणी मिळत नाही. मुले भाकरी तशीच ठेवून उपाशी झोपतात.

हा प्रसंग भाषेविषयीचा आहे, हे तोपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. ते एका मुलीने लक्षात आणून दिले. ती म्हणाली, "सर, भाषा बदलून मागितलं तरी पाणी नाही मिळालं. मग आम्ही इंग्रजी शिकून काय होईल?" मी पटकन म्हणालो, की पुढे त्यांनी इंग्रजीत हेच जगाला सांगितले. माझ्या मते ते उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते, आणि तिच्या चेहऱ्यावरून ते तिलाही कळले होते. उर्दू बोलणाऱ्या त्या मुलाला स्वतःला लपवावे लागत होते. इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाने काहीच लपवले नाही. भाषा पाणी देत नाही. पण लपण्यासाठी वापरलेली भाषा आणि सांगण्यासाठी वापरलेली भाषा यांत फरक असतो. हे मला तेव्हा बोलता आले नाही.

तिसऱ्या दिवशी विषयप्रमुखांनी बोलावून घेतले. पोर्शन मागे पडतो आहे, हा एक मुद्दा. दुसरा, "वर्गात जातीचं कशाला आणता? इंग्रजी ही निदान स्वच्छ राहू द्या." 'स्वच्छ' हा त्यांचाच शब्द. मी घासाघीस करून आठवड्याचा एक तास मिळवला, आणि तोही चाचण्यांच्या दिवसांत काढून घेतला जाई. तरी पुढची २१ वर्षे मी तो चालवला. निकाल वाढला का, असे मला विचारतात. फारसा नाही, उतरवण्याच्या विद्येने जेवढे पास होत होते तेवढेच होत राहिले. पण दर वर्षी पाच-सहा मुले अशी निघत, जी पुढे गेल्यावर पुस्तक उघडून घाबरत नसत.

आक्षेप आपल्या बाजूनेही आले. इंग्रजी ही साम्राज्यशाहीची भाषा, तिचा इतका पुळका कशाला, असे एका कार्यकर्त्याने मला सुनावले. ते मुंबईत राहतात, त्यांची मुले कुठे शिकतात हे मी विचारले नाही. दुसऱ्या टोकाला चंद्रभान प्रसाद यांच्यासारखे विचारवंत आहेत. ते मेकॉलेचा जन्मदिवस साजरा करतात, आणि त्यांच्या पुढाकाराने उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावी २०१० मध्ये इंग्रजी देवीच्या मंदिराचे काम सुरू झाले. या कल्पनेतला उपरोध मला कळतो आणि आवडतोही. तरी मनात येते, की देवी झाली म्हणजे गाभारा आला आणि गाभाऱ्याची किल्ली आली. किल्ली कोणाकडे असते हे मी ३२ वर्षे पाहिले आहे.

माझी स्वतःची मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली. ही कबुली न देता हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'ड' तुकडीचे इंग्रजी काय असते हे मला आतून ठाऊक होते, म्हणूनच मी तिला तिथे ठेवले नाही. ज्यांना ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून फी परवडत नव्हती, त्यांची मुले माझ्यासमोर बसली होती.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शाळेने सेमी इंग्रजी सुरू केले. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. कल्पना वाईट नाही. अकरावीत गळणाऱ्या मुलांना तिची सर्वांत जास्त गरज होती. प्रत्यक्षात ती 'अ' तुकडीला मिळाली. प्रवेशासाठी इंग्रजीच्या गुणांची अट होती, आणि ती अट आमच्याच विभागाने सुचवली होती. बैठकीत मी विरोध केला. इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिले गेले.

२०१५ च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो. त्या १८ प्रती मी पुठ्ठ्याची फाईल करून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या आणि यादीत नोंद करून घेतली. माझ्या जागी कायम नेमणूक झाली नाही, तासिकेवर एक तरुण आला. बौद्ध आहे, इंग्रजीचा एम. ए. आहे, महिन्याचे मानधन तीन-तीन महिने उशिरा मिळते. मागच्या वर्षी तो घरी आला होता. 'ड' तुकडी त्याच्याकडेच आहे. फाईलविषयी मी विचारले, तेव्हा म्हणाला, "सर, यादीत आहे. पण कपाटाची किल्ली कायम शिक्षकालाच देतात."